पी हळद नि हो गोरी!

आमच्या शाळेत आठवीच्या वर्गाला मी मराठी शिकवते. मागे म्हणींचा धडा चालू होता. 'पी हळद नि हो गोरी' या म्हणीचा अर्थ मी सांगितला, की एखाद्या गोष्टीचं फळ ताबडतोब मिळावं असा उतावीळपणा. त्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "पण बाई, हळद पिऊन कुणी खरंच गोरं होतं का?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. आणि त्याच आठवड्यात हा उतावीळपणा आपण स्वतःच केला आहे हे मला कळून चुकलं. आज त्याचीच हकीकत सांगणार आहे. सांगताना थोडी लाज वाटते, पण माझ्या चुकीतून तुमच्यापैकी एकीचं घर जरी सावध झालं तरी पुष्कळ झालं.

आमच्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून गेली चार वर्षं त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज चालू आहे. त्याशिवाय गुडघे दुखतात. जिना चढताना प्रत्येक पायरीला 'आई गं' ऐकलं की आपल्याच जिवाला लागतं. दिवाळीच्या आधी आमच्या भिशीत एकीनं सांगितलं, की तिच्या आईला हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेऊन फार गुण आला. "अगदी नैसर्गिक आहे गं, भरपूर अँटिऑक्सिडंट! काही अपाय नाही." मी तासिकांच्या मानधनातून नऊशे रुपये काढले नि डबी घेऊन आले. सकाळी एक, रात्री एक. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हळदच ती. लग्नात अंगाला लावली, बाळंतपणात दुधातून प्यायले. आता गोळीत घातली म्हणून काय डसणार आहे?" मलाही तेच वाटलं. आम्ही सांगलीची माणसं. हळदीचे सौदे पाहत वाढलो, हळदीला घाबरायचं ते काय!

पंधरा दिवसांनी त्या म्हणाल्या, जरा बरं वाटतंय. मी मनातून फुलून गेले. पुढे दिवाळीच्या गडबडीत त्यांची महिन्याची रक्ततपासणी राहूनच गेली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. ब्रश लागला असेल म्हणून सोडून दिलं. दोन दिवसांनी वेणी घालून देताना त्यांच्या दंडावर हाताएवढा काळानिळा डाग दिसला. "कुठं आपटलात का?" तर म्हणे, "नाही गं." मग मात्र माझं धाबं दणाणलं. यांना शाळेतूनच फोन केला आणि दुपारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहण्याची आयएनआर नावाची एक तपासणी असते. ही गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा एकाच्या आसपास असतो. सासूबाईंचा दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा असं ठरलेलं. त्या दिवशी आला सहाच्या वर! म्हणजे डोक्याला साधा मार लागला असता, तरी आत रक्तस्राव होऊन जिवावर बेतलं असतं.

डॉक्टरांनी विचारलं, "नवीन काही औषध सुरू केलंय?"

मी म्हटलं, "नाही."

"काढा, चूर्ण, जाहिरातीतली एखादी गोळी?"

"नाही हो. फक्त हळदीची कॅप्सूल. पण ते काही औषध नव्हे, घरगुतीच आहे."

डॉक्टर थांबले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, हळद औषध आहे की नाही, ते एकदा ठरवा. औषध असेल तर औषधासारखी मोजून द्या आणि मला सांगा. नसेल तर मग नऊशे रुपये कशाचे दिले?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'हळद म्हणजे केवढं औषध!' असं आपण अभिमानानं सांगतो, आणि डॉक्टरांनी विचारलं की 'छे, ते कुठं औषध?' म्हणतो. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

कॅप्सूल त्याच दिवशी बंद झाल्या. डॉक्टरांनी रक्ताची गोळीही काही दिवस थांबवली, 'के' जीवनसत्त्व दिलं आणि तपासण्या करत करत आकडा जागेवर आणला. सासूबाई आता उत्तम आहेत. पण ते आठ दिवस त्या अंघोळीला गेल्या की मी दाराबाहेर उभी राहत असे, हे मात्र विसरणार नाही. त्यानंतर मी वाचनालय पालथं घातलं, डॉक्टरांना भंडावून सोडलं. जे कळलं ते तुमच्यापुढे मांडते.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय?

वांगं चिरून तसंच ठेवलं तर काय होतं? काळं पडतं. सफरचंदाची फोड तांबूस होते. हवेतल्या ऑक्सिजनचा हा परिणाम. फोडीला लिंबाचा रस चोळला तर ती बराच वेळ पांढरी राहते. लिंबातलं 'क' जीवनसत्त्व हे असं ऑक्सिडीकरण रोखणारं, म्हणजेच अँटिऑक्सिडंट. आपल्या शरीरातही श्वास घेताना, अन्न जाळताना काही खोडकर कण तयार होतात. ते पेशींना इजा करतात. त्यांना आवर घालणारे पदार्थ शरीर स्वतः बनवतं आणि काही आवळा, लिंबू, पेरू, पालेभाज्या, डाळी, मसाले यांतून मिळवतं. हळदीचा पिवळा रंग ज्याच्यामुळे येतो ते कुर्क्युमिन याच जातीचं.

मग साहजिकच वाटतं, थोडं चांगलं तर जास्त आणखी चांगलं! पण तसं होतंच असं नाही. फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. गाजराला रंग देणारं बीटा कॅरोटीन हेही अँटिऑक्सिडंटच. ते गोळीतून दिल्यानं फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तो उलटा! गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग सुमारे १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला असाच दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मध्येच थांबवावा लागला. गाजर खाऊन कुणाचं वाईट झालं नव्हतं. गाजरातला एकच घटक काढून, मोठ्या मात्रेत, वर्षानुवर्षं दिला तेव्हा हे घडलं. वरणात हळद घालणं आणि हळदीतला अर्क गोळीत भरून घेणं यांत असाच फरक आहे.

हळदीचं खरं मोल

हळदीला नावं ठेवायला मी बसलेली नाही बरं का! जखमेवर हळद लावणं आपल्याला पणजीपासून ठाऊक. तरी १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या याच गुणावर पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, जुने ग्रंथ नि लेख पुढं करून दाखवलं की हे ज्ञान आमच्याकडे पूर्वापार आहे. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्याकडे वायगावची हळद, सांगलीची हळद आणि वसमतची हळद यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. तेव्हा अभिमान जरूर असावा.

पोटात घेण्याचं म्हणाल, तर गुडघेदुखीवर थोडाफार पुरावा आहे. थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना हळदीचा अर्क रोज दीड ग्रॅम, तर काहींना आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी दिली. चार आठवड्यांनी दोघांचा आराम जवळजवळ सारखा होता आणि अर्क घेणाऱ्यांना पोटाचा त्रास कमी झाला. म्हणजे भिशीतल्या मैत्रिणीच्या आईला गुण आला तो खोटा नसावा. पण हे चार आठवड्यांचं, दुखणं कमी होण्यापुरतं. झिजलेला गुडघा नव्यानं भरून येतो, मधुमेह जातो, कर्करोग बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. डबीवर किंवा मोबाइलवर आलेल्या संदेशात तसं लिहिलेलं असलं, तरी विश्वास ठेवू नका.

दहा चमचे हळद!

आता जरा हिशेब करू. मी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर चहाचा एक सपाट चमचा हळद तोलली, तर भरली तीन ग्रॅम. आमच्या पाच माणसांच्या घरात दिवसभरात भाजी, आमटी, पोहे मिळून एवढीच लागते, फार तर दीड चमचा. म्हणजे माणशी एक ग्रॅमच्या आतबाहेर. हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन असतं शेकडा सुमारे तीन. तेव्हा आपल्या पोटात रोज तीस मिलिग्रॅमच्या आसपास जातं.

आणि आमच्या त्या डबीवर लिहिलं होतं, अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात ९५ टक्के कुर्क्युमिन. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी साधी हळद घ्यायची तर पंधरा-सोळा ग्रॅम, म्हणजे पाच चमचे लागतील! सासूबाईंना मी रोज दोन देत होते. दहा चमचे हळद मी कुठल्या आमटीत घातली असती का? आणि घातली असती तर ती कुणी खाल्ली असती का? खाण्याच्या रंगांची सुरक्षित मात्रा ठरवणारी एक जागतिक तज्ज्ञसमिती आहे. तिनं कुर्क्युमिनसाठी सांगितलेली मर्यादा अशी, की शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला तीन मिलिग्रॅमपर्यंत. पंचावन्न किलोच्या बाईला १६५. आमची एकच कॅप्सूल त्याच्या जवळजवळ तिप्पट होती.

यावर तुम्ही म्हणाल, की कुर्क्युमिन अंगी लागतच नाही म्हणतात ना? खरं आहे. नुसतं खाल्लं तर बहुतेक सगळं बाहेर टाकलं जातं. यावर तोड म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातला पायपरीन हा घटक घालतात. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं, की पायपरीनबरोबर दिल्यास कुर्क्युमिन वीसपट शोषलं जातं. उत्तम! पण मिरं हे दार सगळ्यांसाठीच उघडतं. आकडीवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रानोलॉल, दम्यावरचं थिओफिलिन, अशी औषधंही पायपरीनमुळे रक्तात जास्त उतरतात. मग डॉक्टरांनी मोजून दिलेली मात्रा न कळत वाढते. आमटीतल्या दोन मिऱ्यांनी असं काही होत नाही. गोष्ट आहे अर्काची.

कुणी कॅप्सूलच्या वाटेला जाऊ नये

ही यादी कापून स्वयंपाकघराच्या दाराला लावलीत तरी चालेल.

रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणारे. न्यूझीलंडच्या औषधखात्यानं २०१८ मध्ये इशारा दिला होता. वॉरफरिनवर उत्तम चाललेल्या एका रुग्णानं हळदीची गोळी सुरू केली नि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर दहाच्या वर गेला. हे जर मी आधी वाचलं असतं! ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

शस्त्रक्रिया ठरलेली असेल, अगदी दात काढायचा असला तरी. निदान दोन आठवडे आधी बंद करावी आणि सर्जनला तसं सांगावं.

पित्ताशयात खडे असणारे. कुर्क्युमिननं पित्ताशय आकुंचन पावतं, त्यामुळे खडा अडकून कळ येऊ शकते.

मूतखड्याची खोड असणारे. हळदीत ऑक्झलेट बरंच असतं आणि मूतखडा बहुधा त्याचाच बनतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका. स्वयंपाकातली हळद नेहमीसारखी खावी, अर्काची गोळी नको. नव्या सुनेला, लेकीला 'बाळ गोरं होईल' म्हणून कुणी देत असेल तर तिथं हात धरा. रंगाचा नि हळद खाण्याचा काही संबंध नाही.

अंगात रक्त कमी असणाऱ्या. हळदीतला घटक लोहाला धरून ठेवतो. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर अशी काही कॅप्सूल चालू नाही ना, ते पाहा. हा प्रश्न आपल्या बायकांच्या फार जवळचा आहे.

मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांची साखर अधिक उतरू शकते. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी आणि मूत्रपिंड बदललेल्यांनी तर आपल्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय एकही गोळी तोंडात टाकू नये.

यकृताची गोष्ट

ही स्वतंत्र सांगते, कारण यात आधीचा काही आजार असावाच लागतो असं नाही. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या गोळ्या घेणाऱ्या काही लोकांना कावीळ झाल्याचं एकामागोमाग उघडकीला आलं. २०२२ मध्ये तिथल्या सरकारनं डब्यांवर सावधगिरीची सूचना छापणं बंधनकारक केलं. ऑस्ट्रेलियाच्या औषधखात्यानं २०२३ मध्ये असाच इशारा दिला. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा दहा रुग्णांची हकीकत २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातला एक दगावला.

घाबरून जाऊ नका. असंख्य लोक या गोळ्या घेतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना हा त्रास होतो. काहींच्या जन्मजात ठेवणीमुळे तो होत असावा असं दिसतं. पण आपण त्या थोड्यांतले की नाही हे आधी कळायचं कसं? म्हणून खुणा लक्षात ठेवा. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणं, मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं. बहुधा सुरू केल्यावर एक ते चार महिन्यांत हे दिसतं. दिसलं की गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. डबी बरोबर न्या. वेळीच बंद केली तर बहुतेक जण महिन्या-दोन महिन्यांत बरे होतात. आणि 'उष्णता झाली असेल' म्हणत दोन आठवडे सब्जा पाजत बसू नका.

घ्यायचीच असेल तर

कुणाला वरच्यांपैकी काही नाही, गुडघे दुखतात आणि करून पाहायची आहे, तर हरकत नाही. पण पद्धतशीर करा. आधी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारा. डबी वाचा. त्यात अर्क किती, कुर्क्युमिन किती टक्के, पायपरीन किंवा मिऱ्याचा अर्क आहे का ते पाहा. अन्नपदार्थ म्हणून विकलेल्या डबीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक हवा, आयुर्वेदिक औषध म्हणून विकलेल्यावर त्याचा परवाना क्रमांक. आरोग्यपूरक म्हणून विकलेल्या डबीवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असं इंग्रजीत छापलेलं असतं. मी ते वाचलं होतं, पण छापील रिवाज म्हणून सोडून दिलं होतं. कमीत कमी मात्रेनं, जेवणानंतर सुरू करा. तारीख दिनदर्शिकेवर लिहा. चार ते सहा आठवड्यांत गुण दिसला नाही तर बंद करा, दुसरी महागडी डबी आणू नका. आणि नवं औषध एका वेळी एकच सुरू करा, म्हणजे बिघडलं तर कशानं ते कळतं.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डॉक्टरांनी दिलेली नेहमीची गोळी हळदीच्या भरवशावर कधीही आपल्या मनानं बंद करू नका.

चांगली हळद कशी पारखाल?

कॅप्सूलच्या नादात घरच्या हळदीकडे मात्र आपलं लक्ष नसतं. हळकुंडाला झळाळी यावी म्हणून काही लबाड लोक लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळा रंग चोळतात. शिसं मुलांच्या मेंदूचं कायमचं नुकसान करतं. बांगलादेशात हा प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळला. २०१९ मध्ये संशोधकांनी तो उजेडात आणला, सरकारनं छापे घातले, दंड केले, लोकांना समजावलं. बाजारातल्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत असणारी ही भेसळ २०२१ पर्यंत नाहीशी झाली. मनावर घेतलं तर होतं, ते असं!

घरी एवढं करून पाहा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात हळकुंड टाका. लगेच पिवळा रंग सुटू लागला तर ते हळकुंड नको. पुडीचं असेल तर पेलाभर पाण्यात एक चमचा हळद टाकून न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळंजर्द झालं तर शंका घ्यावी. शिसं नेमकं किती ते प्रयोगशाळेतच कळतं, म्हणून फार चकचकीत नि फार स्वस्त हळद घेऊच नये. मी वर्षाची हळकुंडं ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेते, कडक उन्हात वाळवते आणि गिरणीतून दळून आणते. थोडी रंगाला फिकी दिसते, पण वास पाहाल तर घरभर.

अंगी लागणारी हळद

कुर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. आपली फोडणी किती शहाणी आहे पाहा! तेल, मोहरी, हिंग, हळद, वर आमटीत दोन मिरे. हे काही कुणी प्रयोगशाळेत ठरवलं नव्हतं. फक्त फोडणीत हळद शेवटी घाला आणि लगेच भाजी टाका, म्हणजे ती करपणार नाही. रात्रीच्या दुधाला पाव चमचा हळद, अर्धा चमचा तूप आणि चिमूटभर मिरपूड पुरे.

थंडीत ओली हळद आली की माझ्याकडे हे लोणचं होतंच. पाव किलो ओली हळद स्वच्छ धुऊन, पुसून, सालं काढून किसावी किंवा बारीक चिरावी. त्यात पन्नास ग्रॅम आल्याचे तुकडे, आठ-दहा हिरव्या मिरच्या, सहा मोठ्या लिंबांचा रस, तीन मोठे चमचे मीठ, दोन चमचे मोहरीची डाळ घालून कालवावं. अर्धी वाटी तेलाची हिंग-मोहरीची फोडणी करून पूर्ण गार झाल्यावर वर ओतावी. कोरड्या बरणीत भरून चार दिवसांनी काढावं. फ्रीजमध्ये महिनाभर सहज टिकतं. जेवताना चमचाभर पुरे, आणि मूतखडा असणाऱ्यांनी त्याच्याही वाटेला जाऊ नये. हं, किसताना हातांना आधी तेल लावा. नाहीतर दुसऱ्या दिवशी वर्गात खडू धरलेली पिवळी बोटं पाहून मुली हसतात, हे स्वानुभवानं सांगते.

आता आमच्या फ्रीजच्या दारावर एक कागद लावला आहे. घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे तो काय काय घेतो ते लिहिलेलं. डॉक्टरांच्या गोळ्या तर आहेतच, पण यांचं त्रिफळा चूर्ण, माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या, सासूबाईंचा ओव्याचा अर्क, सगळं. दवाखान्यात जाताना तो कागद पर्समध्ये जातो. तुम्हीही आज दुपारी, भांडी आवरून झाली की, असा एक कागद लिहा. आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना प्रेमानं विचारा, की उशाखालच्या डबीत आणखी काय काय आहे? रागावून विचारलंत तर सांगणार नाहीत.

सासूबाईंचे गुडघे दुखतातच. डॉक्टरांनी सांगितलेले मांडीचे व्यायाम त्या रोज पलंगावर बसून करतात, संध्याकाळी मी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकून देते. रात्री हळद-दूध मागतात. परवा पेला हातात घेऊन मला म्हणाल्या, "बघ, चमच्यानं मोजून घातलीयस ना?" मी म्हटलं, "पाव चमचा, आई. आणि त्या कागदावर लिहिलीय."

तुमच्या घरी अशा कुठल्या 'निरुपद्रवी' गोळ्या चालू आहेत? पत्रानं जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात उन्हाळ्याच्या वाळवणांविषयी बोलू.